सीटी अँजिओग्राफीत ७० टक्के अडथळा दिसला. स्टेंट याच आठवड्यात बसवावा का?

पिंपळगाव बसवंत येथील एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ६१ वर्षे, मधुमेह आठ वर्षांपासून, बिडी अजून सुटलेली नाही. गेले पाच-सहा महिने बागेतून भरभर चालले किंवा जिना चढला की छातीत जड वाटते आणि दोन-तीन मिनिटे थांबले की बरे वाटते. ईसीजी आणि टूडी इको व्यवस्थित आहेत. टीएमटी (पट्ट्यावर चालवून घेतलेला ईसीजी) पॉझिटिव्ह आली म्हणून सीटी अँजिओग्राफी केली. तीत हृदयाच्या एलएडी या मुख्य धमनीच्या मधल्या भागात ७० टक्के आणि उजव्या धमनीत ४० टक्के अडथळा दिसला. नाशिकच्या एका डॉक्टरांनी याच आठवड्यात स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवण्यास सांगितले, दुसऱ्या डॉक्टरांनी आधी औषधे घेऊन पाहू असे सुचवले. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे, त्यामुळे घरात सगळेच गोंधळले आहेत. पत्राच्या शेवटी, जाता जाता, असेही लिहिले आहे की चालताना वडिलांच्या उजव्या पोटरीत गोळा येतो, पण तो वयामुळे असावा.

उत्तर :

आपण कळवलेली माहिती पूर्ण आणि बरोबर आहे असे धरून सांगतो. आपल्या वडिलांचा आजार आज तरी स्थिर स्वरूपाचा दिसतो. अशा आजारात पूर्ण मात्रेत औषधे सुरू करून सहा ते आठ आठवडे थांबणे हा मार्ग सुरक्षित आहे आणि त्यामागे गेल्या दोन दशकांतील सर्वात भक्कम पुरावा उभा आहे. स्टेंट चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तो याच आठवड्यात बसवला नाही तर जिवावर बेतेल, ही समजूत मात्र चुकीची आहे. ज्या पोटरीच्या गोळ्याचा उल्लेख आपण ओझरता केला आहे, तो मला छातीतल्या जडपणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्याकडे पुढे येतो.

आधी ‘स्थिर’ म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण बाकीचे सारे उत्तर त्यावर अवलंबून आहे. ठरावीक श्रम केल्यावरच त्रास होणे, विश्रांतीने काही मिनिटांत तो थांबणे आणि महिनोन्महिने त्याचे स्वरूप तेच राहणे, याला स्थिर अंजायना म्हणतात. हाच त्रास बसल्या जागी किंवा झोपेत होऊ लागला, पूर्वी दोन मजले चढल्यावर होणारा जडपणा आता अंगणात चालतानाही होऊ लागला, किंवा दहा-पंधरा मिनिटे झाली तरी तो थांबेना, तर आजार अस्थिर झाला असे समजावे. मग वर लिहिलेले काहीही लागू होत नाही आणि त्याच दिवशी रुग्णालयात दाखल व्हावे लागते. अस्थिर आजारात आणि झटक्यात स्टेंट जीव वाचवतो, याविषयी कोणाचेही दुमत नाही. वाद आहे तो स्थिर आजाराविषयी.

आता सीटी अँजिओग्राफीकडे पाहू. ही तपासणी गेल्या पंधरा वर्षांत फार सुधारली आहे. हाताच्या शिरेतून औषध देऊन, हृदयाचे ठोके गोळीने साठच्या आसपास आणून, काही सेकंदांत हृदयाच्या धमन्यांची चित्रे मिळतात. तिचे सर्वात मोठे सामर्थ्य ‘अडथळा नाही’ हे खात्रीने सांगण्यात आहे, आणि मुख्य डाव्या धमनीच्या उगमाशी, म्हणजे लेफ्ट मेनमध्ये, धोका आहे की नाही हे ओळखण्यात आहे. आपल्या वडिलांच्या अहवालात लेफ्ट मेन मोकळी आहे का, हे स्वतः वाचून पाहा; ती मोकळी असेल तर थांबण्याचा निर्णय घेणे बरेच सोपे होते. अडथळा नेमका किती टक्के, हे सांगण्यात मात्र सीटी तितकी अचूक नसते. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचलेले असले की ते चित्रात पसरट दिसते आणि ५० टक्क्यांचा अडथळा ७० टक्क्यांचा भासू शकतो. मधुमेहींमध्ये असे कॅल्शियम हमखास आढळते.

स्कॉटलंडमध्ये ४,१४६ रुग्णांवर झालेल्या स्कॉट-हार्ट या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या तपासण्यांसोबत सीटी केलेल्या गटात हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के होते, तर सीटी न केलेल्या गटात ते ३.९ टक्के होते. पाच वर्षांच्या अखेरीस स्टेंट आणि बायपास यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. सीटीत साचलेली चरबी डोळ्यांनी दिसल्यामुळे अधिक रुग्णांना कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन सुरू झाले, आणि फायद्याचा मोठा वाटा त्याचाच असावा असे मानले जाते. आपल्याकडे सीटीचा अहवाल हातात पडला की चर्चा थेट स्टेंटकडे वळते, ही मला खटकणारी गोष्ट आहे.

यामागे एक रूढ कल्पना आहे : धमनी म्हणजे ठिबकची नळी, तीत कचरा अडकला, तो काढला की पाणी सुरळीत. बागायतदाराला हे लगेच पटते, आणि म्हणूनच ते दिशाभूल करते. धमनीतील चरबीचा थर नळीच्या पोकळीत पडलेला नसतो. तो भिंतीच्या आत असतो आणि बहुधा एका ठिकाणी नव्हे तर सर्व धमन्यांत कमी-अधिक पसरलेला असतो. झटका येतो तो या थरावरचे पातळ आवरण फाटून तेथे रक्ताची गुठळी जमल्यामुळे. असे फाटणारे थर अनेकदा ३०-४० टक्केच अडथळा करणारे असतात, ज्यांनी त्याआधी कधी त्रास दिलेला नसतो. आपल्या वडिलांच्या बाबतीत ७० टक्क्यांच्या जागी स्टेंट बसवला तरी उजव्या धमनीतला ४० टक्क्यांचा थर तसाच राहणार आहे, आणि त्याला शांत ठेवण्याचे काम औषधांशिवाय दुसरे काहीही करू शकत नाही.

हे केवळ तर्काने ठरलेले नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या करेज या अभ्यासात स्थिर आजाराच्या रुग्णांमध्ये औषधांना स्टेंटची जोड दिल्याने मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. त्यावर अनेक आक्षेप घेतले गेले, म्हणून इस्केमिया हा मोठा अभ्यास हाती घेण्यात आला. त्यात भारतासह अनेक देशांतील ५,१७९ रुग्ण होते, सर्वांच्या तपासण्यांत हृदयाला मध्यम ते तीव्र स्वरूपात रक्त कमी पडत असल्याचे दिसत होते, आणि २०२० मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा उत्तर पुन्हा तेच निघाले. लगेच नळी घालून अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केलेल्या आणि आधी औषधांवर ठेवलेल्या गटांत सरासरी तीन वर्षांत मृत्यूच्या प्रमाणात फरक नव्हता. औषधांच्या गटातील सुमारे पाचव्या हिश्शाच्या रुग्णांना पुढील चार वर्षांत कधी ना कधी स्टेंट किंवा बायपास करावा लागला. याचा अर्थ उरलेल्यांना त्या काळात तो लागला नाही. मात्र लेफ्ट मेनमध्ये ५० टक्के किंवा त्याहून अधिक अडथळा असलेले, हृदयाचे पंपिंग फारच कमी असलेले आणि औषधांनी न आवरणारा त्रास असलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते. त्यांना हे निष्कर्ष लावू नयेत.

मग स्टेंटचा उपयोग काय? त्रास कमी करणे, आणि तो उपयोग खरा आहे. ब्रिटनमध्ये केलेल्या ऑर्बिटा अभ्यासांत काही रुग्णांवर स्टेंट बसवण्याचा केवळ आभास केला गेला. स्टेंट बसला की नाही हे रुग्णाला माहीत नव्हते. २०१७ च्या पहिल्या अभ्यासात, रुग्ण आधीच भरपूर औषधांवर असताना, चालण्याच्या क्षमतेत ठळक फरक दिसला नाही. २०२३ च्या दुसऱ्या अभ्यासात अंजायनाची औषधे थांबवलेल्या रुग्णांमध्ये मात्र स्टेंटने छातीचा त्रास स्पष्टपणे कमी झाला. म्हणून औषधे नीट घेऊनही वडिलांना बागेत काम करताना थांबावे लागत असेल, किंवा औषधांमुळे रक्तदाब फार उतरून चक्कर येत असेल, तर स्टेंट बसवणे पूर्णपणे योग्य ठरेल. तो निर्णय घाबरून न घेता ठरवून घेतलेला असावा, इतकेच माझे म्हणणे आहे.

तशी वेळ आली तर आजची अँजिओग्राफी वडिलांच्या पिढीने ऐकलेल्या अँजिओग्राफीपेक्षा बरीच वेगळी आहे. झ्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी सप्टेंबर १९७७ मध्ये पहिली अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने धमनी रुंद करण्याची क्रिया, केली ती जांघेतून. आता बहुतेक वेळा मनगटातील धमनीतून नळी घातली जाते, रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण थोड्याच वेळात उठून बसतो. त्याहून महत्त्वाचा बदल मोजमापाचा आहे. अडथळ्यापलीकडे केसासारखी बारीक तार नेली जाते, तिच्या टोकाला दाब मोजणारा संवेदक असतो. अ‍ॅडेनोसिन हे प्रवाह वाढवणारे औषध दिल्यावर रुग्णाला क्षणभर छातीत ऊब आणि धाप जाणवते, आणि पडद्यावर दोन रेषा दिसतात : एक महाधमनीतील दाबाची, दुसरी अडथळ्यापलीकडच्या दाबाची. समजा अडथळ्याच्या अलीकडे दाब १०० आहे आणि पलीकडे ८८, तर एफएफआर, म्हणजे या दोन दाबांचे गुणोत्तर, ०.८८ आला. डोळ्यांना ७० टक्के दिसणारा अडथळाही अशा वेळी प्रवाह फारसा अडवत नसतो आणि तेथे स्टेंटची गरज नसते. ०.८० किंवा त्याखाली आकडा आला तर अडथळा खरोखर रक्त अडवतो आहे असे समजतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेम अभ्यासाने दाखवले की असे मोजून स्टेंट बसवले तर स्टेंटही कमी लागतात आणि पुढचे त्रासही कमी होतात. आता अ‍ॅडेनोसिनशिवाय मोजण्याच्या पद्धतीही उपलब्ध आहेत. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा : “दाब मोजून मगच ठरवाल ना?” हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही. तसेच स्टेंट बसवायचाच झाला तर आयव्हस किंवा ओसीटी, म्हणजे धमनीच्या आतून चित्र घेण्याची सोय, वापरणार का हेही विचारावे. स्टेंट पूर्ण उघडला आहे आणि भिंतीला नीट टेकला आहे, हे त्यातून कळते. कॅल्शियम फार असेल तर ते ध्वनिलहरींनी फोडणारा फुगा किंवा हिऱ्याच्या कणांचे फिरते टोक वापरता येते. एक सूचना आवर्जून : मधुमेह असल्याने आधी मूत्रपिंडाच्या कामाची क्रिएटिनिन चाचणी करून घ्या, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी थांबवायची का हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

मधुमेहात तिन्ही धमन्यांत मोठे अडथळे असते तर मी स्टेंटऐवजी बायपासचा सल्ला दिला असता; २०१२ च्या फ्रीडम अभ्यासाने ते पुरेसे स्पष्ट केले आहे. आपल्या वडिलांच्या अहवालावरून तशी परिस्थिती दिसत नाही.

आता पोटरी. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येणे आणि उभे राहिल्यावर दोन-तीन मिनिटांत तो जाणे, हे वयाचे लक्षण नाही. छातीत जे घडते आहे तेच पायाच्या धमनीत घडत असण्याची दाट शक्यता आहे, आणि बिडी ओढणाऱ्या मधुमेही माणसात तर ती फारच जास्त. याची पहिली तपासणी इतकी साधी आहे की ती होत नाही याचेच आश्चर्य वाटते. रुग्णाला आडवे झोपवून दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांवर रक्तदाबाचा पट्टा बांधतात, पेन्सिलीएवढ्या डॉपलर यंत्रातून धमनीचा आवाज ऐकतात, आणि पट्टा सैल करताना आवाज पुन्हा ज्या दाबाला ऐकू येतो तो आकडा टिपतात. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब म्हणजे एबीआय. दंडात १४० आणि घोट्यात ९१ असेल तर उत्तर ०.६५ येते, ०.९० किंवा त्याहून कमी म्हणजे पायाच्या धमनीत अडथळा आहे. जुन्या मधुमेहात घोट्याच्या धमन्या कडक होऊन हा आकडा खोटाच जास्त येऊ शकतो, १.४० च्या वर गेला तर खूश होऊ नये, अंगठ्याचा दाब मोजून घ्यावा. त्यानंतर गरजेनुसार कलर डॉपलर.

पायाचा आजार सिद्ध झाला तर हृदयाचा धोकाही एक पायरी वर चढतो आणि औषधयोजना बदलते. २०१७ च्या कम्पास अभ्यासानुसार अशा रुग्णांत अ‍ॅस्पिरिनसोबत रक्त पातळ करणारे रिव्हारोक्सॅबान २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिल्यास झटका, पक्षाघात आणि पाय गमावण्याचे प्रमाण कमी होते. मात्र रक्तस्राव वाढतो, त्यामुळे पोटात अल्सर किंवा पूर्वी रक्तस्राव झालेल्यांना ते देत नाहीत. पायासाठी मुख्य उपचार म्हणजे चालणे. गोळा बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, दुखणे गेले की पुन्हा चालायचे. असे एका वेळी ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान तीनदा, निदान १२ आठवडे. छातीची औषधे सुरू होऊन त्रास आटोक्यात आल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच हे सुरू करावे. बागेत अनवाणी फिरणे आजपासून बंद. छाटणीनंतर जमिनीवर पडलेल्या काड्या आणि तारेचे तुकडे अशा पायाला लागले की जखम भरता भरत नाही, आणि संवेदना कमी झाल्याने ती कळतही नाही. रोज रात्री तळपाय पाहण्याचे काम घरातल्या कोणीतरी स्वतःकडे घ्यावे. जखम भरत नसेल किंवा रात्री झोपेत पाय दुखत असेल तर पायातही फुगा किंवा स्टेंट, नाहीतर बायपास करावा लागतो, आणि तेथे मग दिवस मोजायचे नसतात.

औषधांविषयी. आपण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ असल्याचे आणि स्टॅटिन ‘कधीमधी’ घेतली जात असल्याचे लिहिले आहे. ही माझ्या मते साऱ्या अहवालातील सर्वात सहज सुधारता येणारी गोष्ट आहे. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार अशा रुग्णात एलडीएल ५५ च्या खाली आणि मूळ पातळीच्या निम्म्यावर यायला हवे. त्यासाठी रोसुव्हास्टॅटिन किंवा अ‍ॅटोरव्हास्टॅटिन पूर्ण मात्रेत, रोज. चार ते सहा आठवड्यांनी तपासणी. कमी पडल्यास इझेटिमाइब, त्यानंतर बेम्पेडोइक अ‍ॅसिड. पीसीएसके-९ गटातील इंजेक्शने आणि वर्षातून दोनदा घ्यावे लागणारे इन्क्लिसिरान प्रभावी आहेत, पण अजून महाग आहेत, आणि बहुतेकांचे काम गोळ्यांवर भागते. स्टॅटिनने स्नायू दुखतात ही भीती मोबाइलवरच्या निरोपांनी फार वाढवली आहे. २०२० मध्ये लंडनमधील सॅमसन अभ्यासात, स्टॅटिनमुळे त्रास होतो म्हणून ती सोडलेल्या रुग्णांना काही महिने खरी आणि काही महिने खोटी गोळी दिली, तेव्हा त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग खोट्या गोळीवरही जाणवला. खरा त्रास होणारे रुग्ण असतात, पण ते थोडे.

त्याखेरीज अ‍ॅस्पिरिन, हृदयाचे ठोके आवरणारे बीटा ब्लॉकर किंवा पर्यायी औषध, आणि जिभेखाली ठेवण्याची सॉर्बिट्रेट. मधुमेहासाठी एसजीएलटी-२ गटातील गोळ्या, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, हृदय आणि मूत्रपिंड दोन्हींना लाभदायक ठरल्या आहेत. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून स्वच्छता आणि पाणी यांकडे लक्ष द्यावे लागते. बिडीबद्दल एकच सांगतो : ती चालू ठेवून वरचे सगळे करणे म्हणजे निम्मा पैसा वाया घालवणे आहे. निकोटीनची गोळी किंवा पॅच घेऊन ती सोडता येते, त्यात कमीपणा नाही. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो, हे इंटरहार्ट या ५२ देशांतील अभ्यासात दिसून आले आहे, आणि त्यातला मोठा वाटा अशाच टाळता येणाऱ्या कारणांचा आहे. यात आपलीही तपासणी आली. चाळिशीपूर्वी एकदा साखर, रक्तदाब, लिपिड प्रोफाइल आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन(ए) ही आनुवंशिक चरबीची चाचणी करून घ्या.

थांबायचे ठरले तर घरात तातडीची तयारी हवी. छातीत जड होऊन घाम फुटला, दम लागला, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात गेले, तर खाली बसवून एक सॉर्बिट्रेट जिभेखाली द्या; पाच मिनिटांत आराम नसेल तर १०८ ला फोन करा आणि, डॉक्टरांनी आधी मनाई केली नसेल तर, अ‍ॅस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची मात्रा चावून खायला लावा. मधुमेहात दुखणे सौम्यही असू शकते. ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पाजत रात्र काढू नका. वडिलांनी स्वतः गाडी चालवत निघू नये. पिंपळगावहून आग्रा महामार्गाने नाशिक तासाच्या आत आहे, त्यामुळे आपल्याला चोवीस तास कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची सोय) असलेल्या रुग्णालयात थेट जाणे शक्य आहे. ते रुग्णालय कोणते, हे आजच ठरवून फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वरच्या आतल्या पाड्यांवरील रुग्णांसाठी हिशेब वेगळा असतो : ईसीजीवर झटक्याचे निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसेल तर जवळच्या रुग्णालयातच टेनेक्टेप्लेजसारखे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन मग नाशिकला आणणे, हाच मान्य उपचार आहे. आपले नातेवाईक त्या भागात असतील तर त्यांनाही हे सांगा.

खर्चाचे दोन शब्द. औषध लेपन केलेल्या स्टेंटची कमाल किंमत केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये २९,६०० रुपये ठरवली आणि पुढे ती वेळोवेळी सुधारली गेली. त्यामुळे बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवणे रुग्णालयावर बंधनकारक आहे, ती पाहून घ्या. अँजिओप्लास्टी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा, मात्र दाखल होण्यापूर्वी.

स्टेंट बसवला गेलाच, तर स्थिर आजारात साधारण सहा महिने अ‍ॅस्पिरिनसोबत गुठळी रोखणारी क्लोपिडोग्रेल घ्यावी लागते. त्या काळात दात काढायचा असो वा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असो, गोळ्या परस्पर बंद करू नका. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. पहिल्या भेटीला जाताना टीएमटीचा आलेख, सीटीची सीडी (फक्त छापील अहवाल नव्हे), सध्याच्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि एबीआयचा आकडा सोबत न्या. छाटणीची मजुरांवर देखरेख वडील खुर्चीवर बसून करू शकतील. औषधे लागू पडून त्रास थांबेपर्यंत क्रेट आणि खताच्या गोण्या मात्र त्यांनी उचलू नयेत.